कालू भंगी अजून उभाच आहे

कृष्ण चंदर यांची 'कालू भंगी' ही कथा उर्दू वाचकांच्या तोंडी असते. मराठी वाचकांपर्यंत ती जेवढी पोचायला हवी होती तेवढी पोचली नाही असे मला वाटते. या कथेत नायक आहे, पण कथानक नाही. आणि लेखक ही गोष्ट लपवीत नाही. उलट, वर्षानुवर्षे हा झाडूवाला आपल्यासमोर येऊन उभा राहतो, माझ्यावर का लिहीत नाहीस असे मुकेपणाने विचारतो, आणि आपल्याला त्याच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काही सापडत नाही, अशी कबुली देत देतच कथा पुढे सरकते. लेखकाचे वडील डॉक्टर होते, त्याचे बालपण पूंछच्या परिसरात गेले. कथेतील इस्पितळ त्या आठवणीतून आलेले असावे.

लेखक त्याला एखादी प्रेमकथा जोडून पाहतो, ती जुळत नाही. त्याच्या इस्पितळातल्या कंपाउंडरला प्रेमकथा आहे, चपराशालाही संसार आणि त्या संसाराची कटकट आहे. कालूला काहीच नाही. एक गाय आणि एक बकरी त्याच्या मागे फिरतात, भाजलेले मक्याचे कणीस त्याला आवडते, एवढेच. असे का? मग लेखक हिशेब मांडतो. कंपाउंडरचा पगार बत्तीस रुपये, चपराशाचा पंधरा, कालूचा आठ. आठ रुपयांतले चार पिठावर, बाकीचे मीठ, तंबाखू, चहा, गूळ, मसाला, आणि उरलेला एक रुपया बनियाला. महिना संपला. या आठ रुपयांत प्रेमकथा बसत नाही, हे कृष्ण चंदर यांनी गणिताने सिद्ध करून दाखविले आहे. कथा कोणाला असते? ज्याच्याकडे पिठामिठाचे भागवून चार पैसे उरतात त्याला. साहित्यशास्त्राच्या पुस्तकांत कथानकाच्या व्याख्या पुष्कळ सापडतात, पण कथानक आणि पगार यांचा असा रोखठोक संबंध मी तरी अन्य कोठे वाचलेला नाही.

कृष्ण चंदर, राजेंद्रसिंह बेदी, इस्मत चुगताई ही तिन्ही माणसे आयुष्याचा मोठा काळ मुंबईत राहिली आणि मुंबईतच वारली. तिघांनीही सफाई करणाऱ्या माणसावर प्रत्येकी एक मोठी कथा लिहिली. या तीन कथा एकत्र ठेवून वाचाव्यात असे माझ्या मनात बरेच दिवस होते. कमी पगारावर दुसऱ्याची खिदमत करणाऱ्या माणसाची इज्जत आपल्या साहित्याने कशी पाहिली, हे त्यातून कळते, आणि कोठे पाहिलीच नाही हेही कळते.

बेदींची 'क्वारंटीन' २०२० सालच्या टाळेबंदीत पुष्कळांनी पुन्हा काढून वाचली. प्लेगची साथ आहे, लोक प्लेगपेक्षा क्वारंटीनला अधिक घाबरतात. कथा सांगणारा डॉक्टर आहे. त्याच्या बरोबरीने, खरे तर त्याच्या कितीतरी पुढे, भागू नावाचा खाकरूब काम करतो आहे. पहाटे तीनला उठतो, थोडी दारू घेतो, गटारांत आणि गल्ल्यांत चुना टाकतो, प्रेते उचलतो. जळत्या ढिगात एक जीव अजून धडपडतो आहे हे दिसताच स्वतःचा हात भाजून घेऊन त्याला ओढून काढतो. स्वतःची बायको साथीत जाते आणि हा परत कामावर हजर होतो. शेवटी साथ ओसरते, डॉक्टरचा जाहीर सत्कार होतो, हार पडतात, रुपयांची थैली मिळते, बढती मिळते. घरी परतलेल्या डॉक्टरला झाडू बाजूला ठेवून मुबारकबाद द्यायला येतो तो भागू. त्या क्षणी डॉक्टरला हारांचे ओझे होते.

बेदी हे फार मोठे कथाकार. कामाचे बारकावे तिघांत त्यांनीच सर्वाधिक दिले आहेत. सफाई हे कौशल्याचे आणि निर्णयाचे काम आहे, नुसते ओझे वाहणे नव्हे, हे भागूच्या हालचालींतून दिसते. तरीही या कथेविषयी माझी एक तक्रार आहे. कथा संपते ती डॉक्टरच्या मनात. वाचकाचे डोळे ओले होतात ते डॉक्टरच्या पश्चात्तापाने. भागूचा पगार किती होता? कथा सांगत नाही. थैलीतले काही त्याच्याकडे गेले का? तेही नाही. डॉक्टरला लाज वाटली इतके पुरेसे मानून आपण पुस्तक मिटतो. मला ही शरमेची कथा वाटते, आणि शरम हा मालकाकडचा दागिना आहे, नोकराच्या तो कामाचा नाही. २०२० मध्ये आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या, 'कोरोना योद्धा' हा शब्द काढला, सफाई कामगारांच्या गळ्यात हार घातले. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा स्वयंसेविकांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. बेदींच्या कथेला मिळालेली ही पुरवणी आहे. फक्त हार या वेळी भागूच्याही गळ्यात पडला आणि थैली नेहमीप्रमाणे दुसरीकडे गेली.

इस्मतआपांची 'दो हाथ' या दोन्हींपेक्षा वेगळी. मेहतराणीचा मुलगा रामअवतार लढाईवर गेलेला असताना त्याच्या बायकोला मूल होते. बंगल्यातल्या शरीफ मंडळींना वाटते, आता आला की रक्तपात होणार. तो येतो, पोराला कुरवाळतो. साहेब त्याला महिन्यांचा हिशेब समजावून सांगतात, तर तो आपला वेगळाच हिशेब सांगतो: पोरगा मोठा होईल, म्हातारपणी दोन हात हाताला लागतील. शरीफांची इज्जत आणि मेहतरांची इज्जत यांच्या वजनमापातला फरक इस्मतआपांनी असा काही दाखविला आहे की हसता हसता वाचणारा गप्प होतो. येथे लाजणारा डॉक्टर नाही. रामअवतारला कोणाची दया नको आहे.

परंतु याही कथेत एक खाच आहे आणि ती मला शिक्षिका म्हणून अधिक टोचते. जे बाळ अजून पाळण्यात आहे त्याचे दोन हात आधीच झाडूला लावून दिलेले आहेत. बाप तसे म्हणतो हे समजण्यासारखे आहे. लेखिकाही त्या हातांचा गौरव करते तो जगाची घाण धुणारे हात म्हणूनच. ते हात पाटीपेन्सिल धरतील ही शक्यता कथेच्या अंगणात फिरकतही नाही. श्रमाचा गौरव आणि श्रमाची वंशपरंपरा यांच्यात फार बारीक रेघ आहे. ती रेघ इस्मत चुगताईंसारख्या बंडखोर लेखिकेकडूनही ओलांडली गेली, तर इतरांची काय कथा!

आता भाषेकडे येते, कारण पोट भाषा शिकवण्यावरच चालते. उर्दूने या माणसाला दिलेली नावे पाहा. मेहतर, म्हणजे फारसीत थोर, सरदार. हलालखोर, म्हणजे हलालाची खाणारा. हे नाव अकबर बादशहाने रूढ केल्याची नोंद अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. खाकरूब, धूळ झाडणारा. एवढी उमदा नावे दुसऱ्या कोणत्या पेशाला मिळाली असतील? आणि याच नावांचे पुढे काय झाले? शिव्या झाल्या. शब्द बदलला म्हणून माणसाकडे पाहण्याची नजर बदलत नाही, उलट नजरच शब्दाला आपल्या पातळीवर ओढून आणते. मराठीतही तेच. पोऱ्या, बारक्या, छोटू. इराणी हॉटेलातला चहा पोचविणारा तो 'बाहरवाला'. नाव विचारण्याची गरजच पडू नये अशी सोय.

आणि दुसरी सोय नात्यांची. इस्पितळातली आया ती मावशी, शाळेतला शिपाई तो मामू, घरकाम करणारी ती खाला. यात प्रेम नसते असे मी म्हणणार नाही. पण खऱ्या मावशीला आपण आजारी पडल्यावर डबा नेतो. या मावशीची मात्र खाडे धरून पगारातून कपात करतो. आपण उर्दूवाले 'आप'च्या तहजीबीचा अभिमान बाळगतो. ही तहजीब दस्तरखानावर फार शोभते. बेकरीच्या भट्टीवर उभ्या असलेल्या पोराशी बोलताना ती 'अबे'वर येते.

'सेवा' आणि 'खिदमत' हे दोन शब्दही तपासायला हवेत. दोन्ही पवित्र आहेत, आणि म्हणून महाग पडतात. ज्या कामाला सेवा म्हटले त्याचा पगार मागणे जरा हलके वाटू लागते. सरकारने हे बरोबर हेरले आहे. शिक्षणसेवक, अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका. यांना वेतन नसते, 'मानधन' असते. मान शब्दातच देऊन टाकला की धनात काटकसर करता येते. (मीही शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे काढली आहेत, तेव्हा हे वाक्य ऐकीव नाही.) अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले.

मराठीचे दालन उघडले की पहिला भेटतो तो पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला नामू परीट. गिऱ्हाइकांचे कपडे अंगात घालून हिंडणारा, थापा मारणारा, हवाहवासा. पु. लं.च्या विनोदात द्वेष नाही, माया आहे. पण ती माया ओसरीवरून दिसते तेवढ्याच अंगणाची आहे. परीट आपल्या दारात येतो तेव्हाचा नामू आपल्याला दिसतो. परिटाच्या घरात, भट्टीपाशी, वाफेत उभा असलेला नामू दिसत नाही. मध्यमवर्गीय मराठी विनोदाने मोलकरीण, वेटर, शिपाई, रामा गडी यांना ज्या प्रकारे वापरले त्यातला हा सर्वांत सभ्य नमुना. असभ्य नमुने नाटकांतून आणि चित्रपटांतून आपण सर्वांनी पाहिले आहेत, त्यांवर शाई खर्च करीत नाही.

कामगाराला मराठीत सन्मानाने उभे केले ते अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे, बाबूराव बागूल यांनी. सुर्वे स्वतः शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. 'माझे विद्यापीठ' १९६६ मध्ये आले आणि कामगार प्रथमच 'मी' म्हणून बोलू लागला. हे ऋण मोठे आहे. तरी एक प्रश्न मला पडतो. आपल्या कामगार साहित्याचा नायक बहुधा गिरणीतला का? मला वाटते, गिरणी कामगार काहीतरी निर्माण करतो. त्याच्या हातून कापड बाहेर पडते, जग त्याने घडविले असा दावा कवी करू शकतो. शिपायाच्या, आयेच्या, वेटरच्या हातून काय बाहेर पडते? पुसलेली फरशी संध्याकाळी पुन्हा मळते. धुतलेला कप पुन्हा उष्टा होतो. या कामाची खूण उरत नाही. ते नीट झाले असेल तर दिसतच नाही, राहिले तरच दिसते. निर्मितीच्या नावाने ज्याचा गौरव करता येत नाही त्या श्रमाचे काव्य कसे करावे, हे आपल्या पुरोगामी परंपरेला नीटसे उमगले नाही. आणि १९८२ च्या संपानंतर गिरणीच गेली. गिरणगावातल्या घरांची वाताहत जयंत पवार यांच्या 'अधांतर'ने रंगभूमीवर आणली. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले. गिरणी कामगाराचा मुलगा तेथे वॉचमनच्या गणवेशात दारावर उभा राहिला, तोवर आपली कविता मात्र भोंग्याची आठवण काढीत होती.

उभा राहिला हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कालू भंगी कथाभर उभा आहे. दुकानातली विक्रेती, दारावरचा वॉचमन, सर्व दिवसभर उभे. केरळमध्ये कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सोबतिणींनी कपड्यांच्या दुकानांतील बायकांना कामाच्या वेळेत बसता यावे म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला, आणि २०१८ साली तेथे दुकाने कायद्यात तशी दुरुस्ती झाली. तमिळनाडूनेही २०२१ मध्ये तसेच केले. बसण्याचा हक्क! ज्याला बसायला खुर्ची आहे त्याला हे हास्यास्पद वाटेल. कामावरच्या इज्जतीचा प्रश्न असाच असतो, तो क्रांतीसारखा मोठा दिसत नाही. स्टुलासारखा, पाण्याच्या पेल्यासारखा, लघवीला जायच्या परवानगीसारखा लहान असतो. ज्या बाईने बारा तास उभे राहून दुसऱ्यांच्या लग्नाचे शालू उलगडून दाखविले तिच्या पायांवर मराठीत किंवा उर्दूत एखादी कथा असेल, तर ती माझ्या वाचनात आलेली नाही.

कायद्याचे म्हणाल तर मंटोचा मंगू कोचवान सर्वांना आठवेल. 'नया कानून' येणार, पहिल्या एप्रिलपासून गोऱ्याची मग्रुरी संपणार, या भरवशावर त्याने गोऱ्याला ठोकले आणि कोठडीत गेला. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा १९९३ मध्ये झाला, दुसरा २०१३ मध्ये. गटारात उतरलेल्या माणसांचे मृत्यू थांबले नाहीत, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. मंगूचा एप्रिल येत राहतो. मंटोने त्या कोचवानाला भोळा दाखविले आहे, पण मला तो आपल्या साहित्यातला अत्यंत स्वाभिमानी खिदमतगार वाटतो. त्याला भाडे हवेच आहे, पण भाड्याबरोबर अपमान घ्यायला तो तयार नाही.

मी 'कालू भंगी' नववीच्या वर्गाला वाचून दाखविली. ती अभ्यासक्रमात होती म्हणून नव्हे. एक तास मोकळा मिळाला होता. मुलांनी गाय-बकरीच्या जागी अपेक्षेप्रमाणे मान डोलावली. कालू आजारी पडतो, ज्या इस्पितळात जन्म घालवला तेथेच खाटेवर असतो, कंपाउंडर लांबूनच घशात औषध ओततो आणि हा स्वतःची घाण स्वतःच साफ करतो, तेथे वर्ग शांत झाला. शेवटी एका मुलीने विचारले, "मिस, उनका पूरा नाम क्या था?" कथेत पूर्ण नाव नाही. पेशा हेच आडनाव. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांची आडनावे पेशाचीच आहेत, आणि आपल्यात जातपात नाही असे त्यांना दर वाझात ऐकवले जाते. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची हदीसही ऐकवली जाते. ती ऐकणाऱ्यांत बेकरीचा मालक पहिल्या सफेत असतो आणि त्याची पोरे मागे चपलांपाशी. अशराफ, अजलाफ, अरजाल हे शब्द २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात छापून आले तेव्हा आपल्यापैकी अनेकांना राग आला. राग अहवालाचा आला, शब्दांमागच्या वागणुकीचा नाही.

मुस्लीम मराठी साहित्याची चळवळ १९९० च्या सोलापूरच्या संमेलनापासून धरली तर आता तीन दशकांहून मोठी झाली आहे. अशा वार्षिकांतून येणाऱ्या कथा मी नेमाने वाचते. दंगल आहे, तलाक आहे, संशयाची नजर आहे, फाटलेले मोहल्ले आहेत. हे सर्व लिहिले जायलाच हवे होते. पण ज्या माणसाच्या घरावर दंगलीत दगड पडतो तो दंगल नसलेल्या तीनशे साठ दिवसांत काय काम करतो, त्याच्याशी तेथे कोण कसे बोलते, हे या कथांत पार्श्वभूमीला असते. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज खाण्याचे डबे पोचवतात, मॉलमध्ये कपडे घड्या करतात, इस्पितळात वॉर्डबॉय आहेत. मोठ्या सोसायट्यांत त्यांच्यासाठी लिफ्टही वेगळी असते. त्यांना शिवी मिळते ती कधी धर्मावरून, कधी उशीर झाला म्हणून, आणि कोणती कशासाठी हे त्यांनाही कळत नाही. ही गुंतागुंत लिहिणारा कथाकार आपल्याकडे अजून यायचा आहे.

की तो कथाकार डॉक्टर-कंपाउंडरच्या बाजूने येणारच नाही? अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांनी 'नरक सफाईची गोष्ट' लिहिली तेव्हा कल्पनेला बाजूला ठेवून ते प्रत्यक्ष वस्त्यांत गेले; मराठीतले हे मोलाचे पुस्तक एका मुस्लीम लेखकाच्याही नावावर आहे, आणि आपल्या चर्चांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो, याचे मला नवल वाटते. २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' उभे केले. दिवसा झाडू मारणारी माणसे रात्री जोतीराव-सावित्रीबाई म्हणून बोलली. येथे भागूने हार घातलेल्या डॉक्टरकडे पाहणे संपले.

आणि बेबी हालदार. गुडगावमध्ये ज्यांच्या घरी ती तीन मुलांना घेऊन धुणीभांडी करीत होती ते प्रबोध कुमार प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांवरची धूळ झटकताना तिचा हात रेंगाळतो हे त्यांनी पाहिले आणि वही-पेन हातात ठेवले. तिने बंगालीत लिहिले, २००२ मध्ये ते प्रथम हिंदीत 'आलो आँधारि' या नावाने आले. प्रेमचंदांनी 'कफन'मध्ये घीसू-माधववर लिहिले. नातवाने लिहिण्याऐवजी वही दिली. साहित्याच्या दृष्टीने पाहता आजोबांची कथा थोर आहे, यात वादच नाही. पण बेबी हालदारच्या पुस्तकात असे काही आहे जे घीसूला प्रेमचंदही देऊ शकले नाहीत: कामाला जाण्याची घाई, मुलांना कोठे ठेवायचे ही चिंता, आणि मालकाच्या आवाजाचा चढउतार ओळखणारा कान. मालक आज कोणत्या मूडमध्ये आहे हे दरवाजा उघडण्याच्या पद्धतीवरून ओळखणे, ही विद्या बाहेरून पाहणाऱ्या लेखकाला येत नाही.

म्हणून संपादक मंडळाला एक सूचना करते. पुढच्या अंकात पाच पाने मोकळी ठेवावीत. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई आहेत. त्या लिहीत नाहीत, पण सांगतात, दखनीत सांगतात आणि फार चांगले सांगतात. मुली ते उतरवून घेतील, मराठी मी करीन. नाव त्यांचे छापावे, पूर्ण. फक्त त्यांनी मला आधीच विचारून ठेवले आहे की याचे पैसे किती मिळणार, आणि ते महिना संपायच्या आत मिळणार की खिचडीच्या पैशांसारखे थकणार. तेव्हा आकडा कळवावा.